फोन कपाटात, लेकरू घरी

पत्र

‘मी धारूर तालुक्यातल्या एका शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे, गणित शिकवते. आमच्याकडे मोबाइल आणायला बंदी आहे, तरी मुलं चोरून आणतात. मागच्या आठवड्यात एक मुलगा बाकाखाली हात घालून टाइप करताना सापडला. मी फोन काढून घेतला आणि आमच्याकडे चालत आलंय तसं, समोर दिसत होतं ते वर्गात मोठ्यानं वाचलं. “मम्मी ताप उतरला का. गोळी घेतली का. पप्पाला म्हण मी येऊ का तिकडं.” मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, म्हणून मी अडखळत वाचत होते. पहिल्या ओळीला पोरं हसली. नंतर कुणी हसलं नाही. आईबाप उसाला गेलेत, तो आजीजवळ राहतो, हे मला माहीत होतं. फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला, कारण पालक आल्याशिवाय तो परत द्यायचा नाही असा नियम आहे. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आलेला नाही. शिपाईमामा म्हणाले, दोन दिवस कपाटात तो फोन सारखा थरथरत होता, मग बंद झाला. त्यातच संमेलनातल्या नाचाचा एका मुलीचा फोटो, खाली घाणेरडं लिहून, मुलांच्या ग्रुपवर फिरला. आता पालकसभा लागली आहे. काही पालक म्हणतात, फोन दिसला की फोडा. नियम लिहून आणायचं काम माझ्याकडे आलंय. काय लिहू? आणि त्या मुलाचं काय करू?’

— एक शिक्षिका, जिल्हा बीड

उत्तर

ताई,

तुम्ही नियमाचं आधी विचारलंत आणि मुलाचं नंतर. मी उलट्या क्रमानं बोलतो. हे छापून यायला आठवडा जाईल. तेवढं थांबण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून हाच मजकूर आज रात्री तुम्हाला पाठवतोय.

तुम्ही वाचलेल्या तीन वाक्यांतलं तिसरं पुन्हा एकदा मनात वाचा. ‘पप्पाला म्हण मी येऊ का तिकडं.’ आपल्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई तापानं कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, पडून राहिली तर कोयता अर्धा होतो, टनाचा हिशेब बिघडतो आणि उचल फिटत नाही. आठवीतल्या पोराला हे सगळं कळतं. आईच्या जागी आपण उभं राहावं असं त्याच्या मनात आलं आणि गणिताच्या तासाला त्यानं ते आईमार्फत बापाला विचारलं. शाळा सोडून जाण्याची परवानगी मागत होतं ते लेकरू. आपल्या हजेरीपटाला याचा पत्ता नव्हता.

तो मधल्या सुट्टीपर्यंत का थांबला नाही, असं सभेत कुणीतरी विचारेल. त्याचं उत्तर तुमच्याजवळ असू द्या. टोळी पहाटे अंधारात फडात उतरते. गाडी कधी भरेल, कारखान्यावर कधी पोचेल आणि वजनकाट्यावर नंबर कधी लागेल, हे कुणाच्याच हातात नसतं. गाडी रांगेत उभी राहिली की बापाला थोडी उसंत मिळते आणि फोन हातात येतो. ती वेळ सकाळी अकराची असेल नाहीतर रात्री दीडची. आईला वाचता येत नसेल, तर कोपीवरचं एखादं शाळकरी पोर तिला मेसेज वाचून दाखवतं. समोरून ‘हां बोल’ आलं की त्याच घडीला बोलून घ्यावं लागतं. तुमच्या घंटेशी त्या वेळेचा मेळ बसणार कसा?

आता कडू बोलतो. फोन काढून घेतलात, त्यात तुमची चूक नाही. तो वाचलात, आणि चाळीस पोरांसमोर वाचलात, ही चूक आहे. मी ३१ वर्षं शाळेत काढली. मुलांच्या चिठ्ठ्या फळ्यापाशी उभं राहून मीही वाचल्या आहेत. शिस्त लागते असं तेव्हा खरंच वाटायचं. एका मुलीनं त्यानंतर वर्षभर माझ्या तासाला मान वर केली नाही, आणि ती मान मी खाली घातली हे मला ती शाळेतून गेल्यावर उमगलं. म्हणून हे वरून बोलत नाही. पण शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा जशी मना आहे तसाच मानसिक छळही मना आहे, आणि आईच्या आजारपणाचा निरोप वर्गात हशा पिकवायला वाचणं हे दुसऱ्या प्रकारात बसतं. तुमचा तसा हेतू नव्हता हे मला पत्रावरून दिसतं. पण हसू तर आलंच, आणि ते त्यानं ऐकलं.

तेव्हा माफी मागा. घरी जाऊन आजीसमोर मागाच, पण तो परत आल्यावर वर्गातही मागा, कारण मान खाली गेली ती वर्गात. फार बोलू नका. ‘मी याचा निरोप वाचायला नको होता. माझं चुकलं.’ एवढं बोला आणि गणित सुरू करा. त्याला उभं करू नका, पाठीवर हात फिरवू नका, आईबद्दल वर्गात विचारू नका. आठवीचं पोर आहे, त्याला पुन्हा सगळ्यांच्या नजरेत आणणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच.

वस्तीवर गेल्यावर तो भेटला नाही, ‘गेलं की लेकरू बापाकडं’ असं आजी म्हणाली, तरी हातपाय गाळू नका. बापाशी बोला. शाळेतून बोलतेय हे आधीच सांगा, नाहीतर तक्रार करायलाच फोन आलाय असं त्याला वाटेल. आईची तब्येत आधी विचारा. पोरगं तिकडंच राहणार असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक करून द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेतील. परत येणार असेल आणि आजीच्यानं होत नसेल, तर जवळपास हंगामी वसतिगृह चालू आहे का ते केंद्रप्रमुखांना विचारा. ती सोय याच लेकरांसाठी काढली आहे, पण ज्याला गरज असते त्याच्या कानावर ती उशिरा जाते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष हवं. ते तुम्ही ठेवाल असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

आता नियम.

तास चालू असताना मुलाच्या हातात, खिशात, दप्तरात फोन नको, या मताचा मी आहे, आणि यात मला काही किंतु-परंतु नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नोंद आहे की, एकदा लक्ष उडालं की ते पुन्हा अभ्यासावर यायला मुलांना वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपला तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा. म्हणजे एक मेसेज आला की त्यातली निम्मी वेळ गेली, आणि नुसती त्याची गेली असं नाही, शेजारी डोकावणाऱ्याचीही गेली. फ्रान्सनं २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांतून फोन बाहेर ठेवला. ब्राझीलनं २०२५ च्या जानेवारीत तसाच कायदा केला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्येच म्हटलं की सरसकट बंदी योग्य नाही आणि ती चालणारीही नाही. शाळेत शक्य असेल तिथं फोन जमा करून घ्यावेत, वर्गात वापरू देऊ नयेत, पण सुरक्षिततेसाठी आणि घरच्यांशी संपर्कासाठी वाट मोकळी असावी. न्यायालयासमोरचा मुलगा शहरातला होता, पण ते बोलणं आपल्या वाडी-तांड्यांना जास्त लागू पडतं असं मला वाटतं.

फोडा म्हणणाऱ्या पालकांना एक विचारा. तो फोन आला कुठून? २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच वाडी-वाडीवर निरोप धाडले, मोबाइल घ्या, अभ्यास मोबाइलवर येईल. माझ्या शाळेतल्या एका मुलीच्या बापानं दोन शेळ्या विकून फोन घेतला. पावती दाखवायला तो मुद्दाम शाळेत आला होता, लेकीचं नाव पटावरून कमी करू नका म्हणून. तोच फोन काही वर्षांनी आपण हातातून हिसकावायचा आणि फरशीवर आपटायचा? शाळेला कुणाची वस्तू फोडायचा अधिकार नाही. ठेवून घ्यायचा तोही त्या दिवसापुरताच. ‘पालक आल्याशिवाय नाही’ ही तुमची ओळ ज्यानं लिहिली, त्याच्या डोळ्यांसमोर गावातच राहणारे पालक असावेत. तुमच्या वर्गातल्या किती जणांचे आईबाप जानेवारीत गावात असतात? त्या ओळीचा अर्थ ऊसतोडीच्या लेकराला पाच महिने फोन नाही, असा होतो. ती आधी खोडा. संध्याकाळची घंटा झाली की फोन परत, आजी असो, चुलता असो, नाहीतर स्वतः मुलगा. तिसऱ्यांदा सापडला तर घरी फोन करून बोलावं, पण वस्तू त्याच दिवशी द्यावी.

जमा करण्याची पद्धत साधी ठेवा. चपला-बूट ठेवायला कप्प्यांची कापडी पिशवी मिळते, ती भिंतीला टांगतात. आठवीला एक, नववीला एक, कप्प्यावर हजेरी क्रमांक. प्रार्थनेआधी मुलानं आपल्या हातानं फोन बंद करून कप्प्यात टाकायचा, वहीत टिकमार्क करायची, पिशवी कुलपात. सुटताना आपल्या हातानं काढायचा. शिक्षकांनी त्याला हात लावायची वेळच येऊ नये. आणि नियमात एक वाक्य ठळक लिहा: शाळेतलं कुणीही मुलाचा फोन उघडणार नाही, वाचणार नाही. एखाद्या प्रकरणात बघणं भागच पडलं, तर मुलगा आणि घरचं माणूस समोर असताना. मग फोन लपवून आणायचं अर्धं कारण संपतं. मुलं आपल्यापासून फोन लपवतात त्यापेक्षा फोनमध्ये काय आहे ते जास्त लपवतात, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

पण नुसती पिशवी टांगून तुमच्या त्या मुलाचा प्रश्न सुटत नाही. त्याच्या खिशातून फोन घेतला तर ती वाट शाळेनं दुसरीकडून उघडून द्यायला हवी. दीड हजाराच्या आत साधा बटणांचा फोन येतो. तो शाळेचा म्हणून घ्या, कार्यालयात ठेवा, दिवसभर चालू ठेवा. जून-जुलैत नव्हे, टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, जाणाऱ्या प्रत्येक आईबापाला त्याचा नंबर द्या, जमलं तर त्यांच्याच मोबाइलमध्ये शाळेच्या नावानं साठवून द्या. त्याच वेळी वहीत लिहून घ्या: कोणता कारखाना, मुकादमाचा नंबर, टोळीतल्या आणखी एका शेजाऱ्याचा नंबर, कारण बापाचा फोन रिचार्ज संपून बंद असतो तेव्हा हा तिसरा नंबर कामाला येतो. काट्यावरून फोन आला की शिपाईमामांनी वर्गाच्या दारात येऊन त्या लेकराला हाक मारायची, मग तास कुणाचाही असो. पाच मिनिटं बोलून ते परत येईल आणि त्याचं चित्त थाऱ्यावर असेल. हाच तुमच्या नियमाचा कणा धरा. बाकीची कलमं मागे-पुढे झाली तरी चालतील.

शिक्षकांचं काय, हेही सभेत निघणार. पोषण आहाराची माहिती भरायची, वरून आलेल्या लिंका उघडायच्या, फोटो टाकायचे, यानं मास्तरांच्या हातातही दिवसभर फोन असतो आणि त्यातलं बरंचसं काम त्यांनी मागितलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ते वर्गाबाहेर. तास घेताना तुमचाही फोन टेबलाच्या खणात राहू द्या. मुलं हे फार बारकाईनं बघतात.

आता मेसेजांबद्दल. तुमच्या शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअॅपवर जातो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक जातच असेल. रात्री साडेनऊला ‘उद्या भूमितीची वही आणा’ असा निरोप ग्रुपवर पडतो, आणि तो बघायला म्हणून हातात घेतलेला फोन मुलाच्या हातात अकरापर्यंत राहतो. शालेय शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची आकडेवारी आहे. स्मार्टफोन वापरता येणारे ८२ टक्के. त्यांतले आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६. वही आणायचं सांगायला फळा आहे. सुटायच्या आधी पाच मिनिटं फळ्यावर गृहपाठ लिहा, मुलं वहीत उतरवतील, ग्रुपची गरज पडणार नाही. ग्रुप ठेवायचाच असेल तर पालकांचा ठेवा, त्यात फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सोय चालू करा, आणि संध्याकाळी सातनंतर त्यात काही टाकू नका. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरचं काही दाखवायचं असेल तर ते शाळेच्या एका पडद्यावर सगळ्यांना मिळून दाखवा. ज्याच्या घरी फोन नाही ते लेकरू त्या ग्रुपमुळे रोज थोडं मागे पडतं, आणि ते तसं बोलून दाखवत नाही.

त्या मुलीच्या फोटोचं बोलायचं तर, ते प्रकरण फोनबंदीच्या नियमात घालू नका. तो वेगळा आणि गंभीर विषय आहे. सगळ्यात आधी तिच्याशी आणि तिच्या आईशी कुणीतरी बाईमाणसानं शांतपणे बोलावं, आणि तिची शाळा किंवा नाच बंद होणार नाही याची खात्री द्यावी. आपल्याकडे अशा वेळी पोरीचंच बाहेर पडणं बंद होतं, फिरवणारे मोकळे राहतात. पुरावा म्हणून तो फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका, सभेत दाखवू नका. आपण टाकला तर फिरवणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते. ज्याच्याकडे तो आलाय त्याच्या फोनवर ग्रुपचं नाव, तारीख आणि पाठवणारा कोण हे टिपून घ्या. नुसता टवाळीचा मजकूर असेल तर मुलांना आणि त्यांच्या पालकांना बसवून, त्यांच्याच हातानं पुसायला लावून, माफी मागायला लावून शाळेत मिटवता येईल. पण फोटोत फेरफार करून तो अश्लील केला असेल, तर माहिती-तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आणि मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. पोक्सोखालचा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तेव्हा तिथे मुख्याध्यापकांना ‘शाळेची बदनामी’ म्हणून गप्प बसता येणार नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलींच्या वर्गात लावून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते.

पालकांना सभेत नुसतं ऐकायला बोलावू नका, त्यांच्याकडून काही मागाही. आपल्याच मराठवाड्यात, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं २०२२ मध्ये संध्याकाळी सहा ते आठ मोबाइल बाजूला ठेवायचं ठरवलं. त्याच वर्षी सांगलीकडच्या मोहित्यांच्या वडगावात सातला भोंगा वाजायला लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. तिथे मोठ्यांनीही ठेवला, म्हणून पोरांनी ठेवला. तुमच्या गावाला भोंगा नसला तरी देवळाची आरती आहे, अजान आहे. त्या वेळेपासून जेवणापर्यंत एवढं ठरलं तरी पुष्कळ. फोडा म्हणणाऱ्या पालकांपासूनच सुरुवात करा, त्यांनी आधी आपला ठेवून दाखवावा.

सभा व्हायची तेव्हा होऊ द्या. उद्या शाळा उघडली की आधी मुख्याध्यापकांकडून कपाटाची किल्ली घ्या. नियमात बसत नाही म्हणाले तर माझं हे पत्र दाखवा. फोन बाहेर काढून चार्जिंगला लावा. पिन जुनी असेल, दोन-तीन चार्जर लावून बघावे लागतील. सुरू झाल्यावर पडद्यावर जे काही येईल ते वाचू नका, मिस्ड कॉलचा आकडासुद्धा बघू नका, पालथा घालून ठेवा. पूर्ण भरला की रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाका आणि दुपारची सुट्टी घेऊन वस्तीवर जा. दारात तो दिसला तर आत जायच्या आधी, काही बोलायच्या आधी, फोन त्याच्या हातात द्या आणि जरा लांब जाऊन उभ्या राहा. त्याला आधी तिकडं फोन लावायचा असेल.